मल्टिपाथ ड्रायव्हरने कोणती उपकरणं हाती घ्यावीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक टीम स्वतःच्या स्टोरेज अप्लायन्ससाठी मल्टिपाथ ड्रायव्हर (एकाच उपकरणाकडे जाणारे अनेक मार्ग, म्हणजे पाथ, एकत्र सांभाळणारा आणि एक तुटला तर दुसऱ्यावरून काम चालू ठेवणारा कोड) लिहिते आहे. आज तो फक्त फायबर चॅनेलवरच्या डिस्क हाताळतो. ग्राहक आता सॅस जेबॉड (नुसत्या डिस्क भरलेली पेटी), टेप लायब्ररी, एनव्हीएमई (एसएसडींसाठीचा प्रोटोकॉल), इतकंच काय यूएसबीचीही मागणी करताहेत. यातलं बहुतेक सगळं शेवटी स्कझी (स्टोरेज उपकरणांची सामाईक भाषा) कमांडच बोलतं. मग प्रकार न बघता दिसेल ते स्कझी उपकरण घेऊन टाकायला काय हरकत?

हरकत मोठी आहे. मल्टिपाथ ड्रायव्हर दोन प्रकारे चुकू शकतो. एकाच डिस्कचे दोन पाथ त्याला दोन वेगळ्या डिस्क वाटतात, किंवा दोन वेगळ्या डिस्क त्याला एकच वाटतात. पहिली चूक त्रासाची असली तरी दिसते. एलव्हीएम (लिनक्सचा व्हॉल्यूम मॅनेजर) तीच डिस्क दोनदा दिसल्याची, म्हणजे डुप्लिकेट पीव्हीची, तक्रार करतो, कोणीतरी तिकीट टाकतं, कॉन्फिगरेशन सुधारलं जातं. दुसरी चूक गप्प बसून काम करते. राउंड रॉबिनने (पाळीपाळीने एकेका पाथवर) अर्धे राइट एका डिस्कवर जातात, अर्धे दुसरीवर, आणि फाइल सिस्टिम ओरडेपर्यंत दोन्हीकडचा डेटा गेलेला असतो. नावं सारखी म्हणून बँकेने दोन कुलकर्ण्यांची खाती एक करून टाकावीत, तसला हा प्रकार. म्हणून ड्रायव्हरचं मूळ उत्तर ‘नाही’ असावं आणि ‘हो’ हे उपकरणाने कमवावं. ते कमवायला तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात: ओळख खात्रीची आहे, अर्धवट राहिलेली कमांड दुसऱ्या पाथवरून पुन्हा पाठवणं सुरक्षित आहे, आणि दुसरा पाथ असण्याची खरीच शक्यता आहे. उपकरणाचा प्रकार हा या तिन्हींचा फक्त अंदाज देतो.

ओळखीबद्दल सविस्तर लिहितो, कारण बहुतेक घोळ इथेच होतात.

स्कझीमध्ये ओळख मिळते ती ‘तू कोण?’ असं उपकरणाला विचारणाऱ्या इन्क्वायरी कमांडच्या व्हीपीडी (उपकरणाची माहिती) पान ८३ वरून (हेक्समधला ८३). या पानावर एक नाही, अनेक ओळखी असतात, आणि प्रत्येक ओळख कशाची आहे हे तिच्या ‘असोसिएशन’ फील्डमध्ये लिहिलेलं असतं: ० म्हणजे लॉजिकल युनिटची (लन, म्हणजे होस्टला दिसणारं एक स्वतंत्र उपकरण), १ म्हणजे टार्गेट पोर्टची, २ म्हणजे पूर्ण टार्गेट उपकरणाची. घाईत लिहिलेला कोड पानावरची पहिली एनएए (ठरलेल्या नमुन्यातला क्रमांक) ओळख उचलतो. ती पोर्टची निघाली, तर दोन पोर्टच्या एकाच सॅस डिस्कच्या दोन डिस्क होतात; निदान ही दिसणारी चूक. ती टार्गेट उपकरणाची निघाली, तर त्या टार्गेटमागची सगळी लन एकमेकांत मिसळतात. हे फक्त मोठ्या ॲरेलाच (अनेक डिस्क एकत्र करून लन देणारी यंत्रणा) लागू आहे असं समजू नका. सीगेटच्या दोन ॲक्च्युएटरच्या सॅस डिस्क एकाच डब्यातून दोन स्वतंत्र लन दाखवतात. म्हणून असोसिएशन ० सोडून दुसरं काहीही ओळख म्हणून चालवायचं नाही.

असोसिएशन ० मध्येही डावं-उजवं करावं लागतं. एनएए ५ आणि ६ या प्रकारांत आयईईईने दिलेला कंपनी क्रमांक असतो, त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. ईयूआय-६४ या ६४ बिटांच्या ओळखीचंही तसंच. एनएए ३ मात्र ‘स्थानिक पातळीवर दिलेला’ क्रमांक आहे, तो जगात एकमेव असल्याची कसलीच हमी नाही. पान ८० वरचा सिरियल नंबर म्हणजे उत्पादकाने भरलेला मजकूर. व्हेंडर आणि प्रॉडक्टची नावं जोडून तो वापरता येतो, पण मी तो फक्त ज्यांची वागणूक माहीत आहे अशाच मॉडेलसाठी वापरेन.

यूएसबी इथेच बाद होतं. यूएसबी-साटा ब्रिजच्या स्वस्त चिपमध्ये उत्पादक एकच सिरियल नंबर हजारो नगांत भरतात, त्यामुळे एकाच दुकानातून आणलेले दोन डॉक तंतोतंत तीच ओळख सांगू शकतात. शिवाय यूएसबी डिस्कला दुसरा पाथ येणार कुठून? फायदा शून्य आणि धोका डेटा जाण्याचा. ग्राहकाने कितीही मागितलं तरी इथे नाही म्हणा. लिनक्सच्या मल्टिपाथ-टूल्समध्ये उपकरणं प्रोटोकॉलवरून गाळता येतात, त्यात स्कझी-यूएसबी असा स्वतंत्र गट आहे. तुमच्या ड्रायव्हरमध्येही ट्रान्सपोर्टची माहिती निर्णयाच्या जागेपर्यंत पोचेल अशी सोय आधीपासून ठेवा, नंतर ती घुसवणं किचकट जातं.

ओळखीचा हाच धडा एनव्हीएमईच्या बाबतीत लिनक्स कर्नलला उघडपणे शिकावा लागला. २०२२ मध्ये नेमस्पेसचे (एनव्हीएमईमधलं लन) ईयूआय-६४, एनजीयूआयडी आणि यूयूआयडी हे ओळख क्रमांक पूर्ण यंत्रात एकमेव आहेत का, याची तपासणी कर्नलमध्ये आली. लगेच लक्षात आलं की बाजारातल्या कितीतरी स्वस्त एसएसडी एकच ओळख छापून येतात. त्या एसएसडी कर्नल नाकारू लागला, लोकांच्या यंत्रातली दुसरी डिस्क दिसेनाशी झाली आणि अपवादांची यादी वाढत गेली. २०२३ मध्ये तडजोड झाली: एकाच पोर्टच्या पीसीआयई एसएसडीची ओळख दुसरीशी जुळली तर तिला नाकारायचं नाही, इशारा द्यायचा आणि ती ओळख बाजूला ठेवायची. मागचं तर्कशास्त्र मला फार पटतं. ज्या उपकरणाला दुसरा पाथ असूच शकत नाही, त्याची ओळख मल्टिपाथसाठी विचारायचीच कशाला? तुमच्या ड्रायव्हरमध्येही आधी ‘दुसरा पाथ शक्य आहे का’ हे विचारा, ओळख नंतर तपासा.

आता प्रकाराकडे वळू. इन्क्वायरीच्या पहिल्या बाइटमध्ये खालचे ५ बिट उपकरणाचा प्रकार सांगतात आणि वरचे ३ बिट क्वालिफायर. क्वालिफायर शून्य नसेल, तर तिथे वापरण्याजोगं युनिट जोडलेलंच नाही. प्रकार वाचण्याआधी हे बघा. प्रकार ० म्हणजे डिस्क, पण सगळेच प्रकार ० डेटासाठी नसतात. नेटॲपच्या ई-सिरीज घराण्यातले ॲरे व्यवस्थापनासाठी ‘युनिव्हर्सल एक्सपोर्ट’ नावाचं लन दाखवतात. ईएमसीचे क्लॅरिऑन ॲरे अजून लन दिलेलं नसताना ‘लनझेड’ नावाचं पोकळ लन दाखवायचे. दोन्ही स्वतःला डिस्क म्हणवतात. मल्टिपाथ-टूल्सच्या हार्डवेअर तक्त्यात ही नावं प्रॉडक्टच्या काळ्या यादीत आहेत. तुमच्याकडेही अशी छोटी यादी लागेलच.

डिस्क एवढी सोपी का जाते? प्रत्येक रीड आणि राइटमध्ये ब्लॉकचा पत्ता असतो. पत्ता ५००० वर ‘अ’ लिहा ही कमांड दोनदा पोचली तरी तिथे ‘अ’च राहतो. पाथ तुटला, कमांड पोचली की नाही कळलं नाही, तर दुसऱ्या पाथवरून बिनदिक्कत पाठवा. फक्त जुन्या पाथवरची कमांड रद्द झाली आहे याची खात्री हवी. नाहीतर फॅब्रिकमध्ये (मधल्या जाळ्यात) अडकलेला जुना राइट, नवा राइट होऊन गेल्यावर उगवतो आणि नव्या डेटावर जुना चढतो. खालच्या थराने ‘ही कमांड आता मेली’ असं सांगितल्याशिवाय ती पुन्हा पाठवायची नाही, हा नियम लेटन्सीसाठी कोणी वाकवायला सांगितला तरी वाकवू नका.

डिस्कवरही अपवाद आहेत. कंपेअर अँड राइट ही कमांड आधी जुना मजकूर जुळतो का बघते, मग नवा लिहिते. ती यशस्वी झाली आणि उत्तर वाटेत हरवलं, तर दुसऱ्या पाथवरून पाठवल्यावर ‘मिसकंपेअर’ येतो. व्हीएमवेअरच्या व्हीएमएफएसमधलं लॉकिंग याच कमांडवर चालतं, त्यामुळे ही पुस्तकी शंका नाही. अशा कमांडचं अपयश वर जसंच्या तसं कळवा, स्वतः शहाणपणा करून पुन्हा पाठवू नका. पर्सिस्टंट रिझर्व्हेशनचीही (होस्टने डिस्कवर नोंदवलेला हक्क) हीच जात. स्कझीत नोंदणी प्रत्येक पाथसाठी वेगळी असते, म्हणून वरून आलेली एक नोंदणी ड्रायव्हरने सगळ्या पाथवर करायची आणि नंतर परत आलेल्या पाथवरही आठवणीने करायची. क्लस्टरवाले ग्राहक असतील तर हे काम पहिल्याच आवृत्तीत धरा. एनव्हीएमईमध्ये नोंदणी होस्टच्या ओळखीवर बांधलेली असते, तिथे हा त्रास बराच कमी.

टेपचं गणित मुळातच वेगळं आहे. टेपवरच्या साध्या राइट कमांडमध्ये पत्ताच नसतो. हेड जिथे आहे तिथे लिहिलं जातं. पाथ तुटला तेव्हा तो ब्लॉक टेपवर गेला की नाही, हे होस्टला ठाऊक नसतं. पुन्हा पाठवला आणि आधीचा गेलेला असेल, तर एकच ब्लॉक दोनदा. पाठवला नाही आणि आधीचाही गेलेला नसेल, तर मधला एक ब्लॉक गायब. बॅकअप पूर्ण झाल्याचा संदेश येईल आणि गडबड कळेल ती रिस्टोअरच्या दिवशी. त्यामुळे ड्रायव्हरने स्वतः ब्लॉकची मोजणी ठेवायची, दुसऱ्या पाथवर आधी रीड पोझिशन विचारायचं, आकडा जुळवायचा आणि मगच पुढे जायचं. त्यात ड्राइव्हचा बफर आणि रिझर्व्हेशन वेगळं. जुन्या पद्धतीचं रिझर्व्ह ज्या पाथवरून घेतलं त्याच पाथला चिकटलेलं असतं. तो पाथ मेला की दुसऱ्यावर रिझर्व्हेशन कॉन्फ्लिक्ट मिळतो, म्हणजे तुमचंच यंत्र तुम्हाला दाराबाहेर ठेवतं.

हे करता येतं. आयबीएमच्या लिनक्स टेप ड्रायव्हरमध्ये त्यांच्या स्वतःच्या ड्राइव्हसाठी डेटा पाथ फेलओव्हर आहे, आणि सोलारिसच्या मल्टिपाथ थरात टेपसाठी वेगळं फेलओव्हर मोड्यूल ठेवलेलं होतं. दोघांनीही डिस्कचा कोड टेपला लावला नाही, हे लक्षात घ्या. लिनक्सच्या डिव्हाइस मॅपरमध्ये (कर्नलमधला मल्टिपाथ याच थरात आहे) तर हा प्रश्नच उद्भवत नाही. तो ब्लॉक उपकरणांवर चालतो आणि टेप हे कॅरेक्टर उपकरण. माझा सल्ला: टेप पहिल्या आवृत्तीत नको. घेतलीत तर स्वतंत्र मोड्यूल करा, एका वेळी एकच पाथ चालू ठेवा, लोड बॅलन्सिंग पूर्ण बंद, आणि तुम्ही स्वतः केबल उपटून तपासलेल्या मॉडेलपुरतीच ती मर्यादित ठेवा.

टेप लायब्ररीचा रोबॉट म्हणजे मीडियम चेंजर हा वेगळा प्रकार आहे, पण बहुधा तो एखाद्या ड्राइव्हमागे लन १ म्हणून दिसतो. ‘या खणातली टेप त्या ड्राइव्हमध्ये घाल’ ही कमांड दोनदा पाठवली तर दुसऱ्या वेळी मूळ खण रिकामा असल्याची चूक येते. ती वाचून ‘आधीची कमांड यशस्वी झाली असावी’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तसं न करता रीड एलिमेंट स्टेटसने टेप नेमकी कुठे आहे ते बघा. बहुतेक बॅकअप सॉफ्टवेअर हे काम स्वतःच बऱ्यापैकी करतं, त्यामुळे मी इथे मध्ये पडणार नाही.

सीडी-डीव्हीडी सरळ बाद. होस्ट-मॅनेज्ड झोन्ड डिस्क (प्रकार १४ हेक्स) थोडा वेळ थांबवा: झोनमध्ये राइट ओळीनेच करावे लागतात, दोन पाथवर वाटले की क्रम बिघडतो, आणि आधीच पोचलेला राइट पुन्हा गेला की डिस्क ‘अनअलाइन्ड राइट’ म्हणून परत पाठवते. वागणुकीने ती टेपच्या जवळची आहे.

एन्क्लोजर सर्व्हिसेसबद्दल (एसईएस, म्हणजे डिस्कच्या पेटीची देखरेख) मात्र लोकांशी वाद घालावा लागतो. दोन आयओ मोड्यूलच्या जेबॉडमध्ये दोन एसईएस उपकरणं दिसतात, पंखे आणि तापमान तेच सांगतात, मग एकत्र करूया असं कोणालाही वाटतं. करू नका. ते दोन वेगळे प्रोसेसर आहेत, प्रत्येक आपल्या मोड्यूलची हकिकत सांगतो. एक मेला तर तो मेलेला दिसला पाहिजे. एकत्र केलंत, तर ज्या बिघाडासाठी देखरेख ठेवली तोच झाकला जाईल.

आता साटा. साटा डिस्कला एकच पोर्ट असतं. सॅस एक्स्पांडरमागे (जेबॉडमधला सॅसचा स्विच) ती लावता येते, पण दुसऱ्या मोड्यूलपर्यंत तिची तार जात नाही. मध्ये इंटरपोझर (एका पोर्टची दोन करणारं छोटं कार्ड) लावला तरच दोन पाथ मिळतात. ग्राहक स्वस्तात पडतं म्हणून जेबॉडमध्ये साटा डिस्क भरतात आणि मग ‘एकच पाथ दिसतो’ अशी तक्रार करतात. तो दोष ड्रायव्हरचा नाही, आणि हे डॉक्युमेंटेशनमध्ये ठळक लिहा. यंत्रातल्या रेड (अनेक डिस्क एकत्र करणाऱ्या) कार्डाच्या व्हर्च्युअल डिस्कचंही तसंच: ओळख उत्तम, प्रकार ०, पण दुसरा पाथ कधीच येणार नाही. अशी डिस्क उगाच ताब्यात घेतली की बूटच्या वेळी रूट फाइल सिस्टिम मूळ नावाने शोधली जाते, इकडे मल्टिपाथ ती धरून बसलेला असतो, आणि यंत्र इमर्जन्सी शेलमध्ये उभं राहतं.

यावर मल्टिपाथ-टूल्सने ‘फाइंड मल्टिपाथ्स’ नावाचा पर्याय ठेवला, त्याची वेगवेगळी वळणं शिकण्यासारखी आहेत. एका टोकाला ‘ग्रीडी’: काळ्या यादीत नसलेलं सगळं घ्या. दुसऱ्या टोकाला ‘स्ट्रिक्ट’: हे डब्ल्यूडब्ल्यूआयडी (उपकरणाची एकमेव ओळख) पूर्वी मल्टिपाथ म्हणून नोंदलेलं असेल तरच घ्या. मध्ये ‘स्मार्ट’: पहिला पाथ दिसला की थोडा वेळ दुसऱ्याची वाट बघा, आला नाही तर सोडून द्या. अप्लायन्ससाठी मी स्ट्रिक्टच्या बाजूचा आहे, कारण तुमचं हार्डवेअर तुम्हाला माहीत असतं. कारखान्यातच ओळखी नोंदवून ठेवता येतात. वाट बघण्याचा मार्ग बूटची वेळ आणि नशीब यांच्या भरवशावर चालतो.

कोणाचे पाथ आधीच दुसरं कोणी सांभाळतंय का, हेही तपासा. आयबीएमच्या मेनफ्रेमवर डीएएसडी (मेनफ्रेमच्या स्वतःच्या पद्धतीच्या) डिस्कचे पाथ चॅनेल सबसिस्टिमच बघतं, एका उपकरणाला ८ पर्यंत. तिथे वरून आणखी मल्टिपाथ लावण्यात काही मिळत नाही. पण त्याच यंत्रावर फायबर चॅनेलने जोडलेल्या स्कझी लनना डिव्हाइस मॅपरचा मल्टिपाथ लागतोच. एनव्हीएमईत लिनक्सच्या ४.१५ कर्नलपासून (जानेवारी २०१८) ड्रायव्हरच्या आतच मल्टिपाथ आहे, ४.१९ मध्ये एएनए (कोणता पाथ बरा ते उपकरणाने सांगण्याची सोय) आलं, आणि रेड हॅटने आवृत्ती ९ पासून तेच मूळ पर्याय केलं. लिनक्सवर असाल तर एनव्हीएमईला हात लावू नका. दोन थर एकाच पाथवर निर्णय घेऊ लागले, की फेलओव्हरला लागणारा वेळ कोणाच्या टाइमआउटमुळे वाढतो हे शोधण्यात आठवडे जातात.

राहता राहिला सगळ्यात नेहमीचा प्रश्न: अनोळखी ॲरे. जुन्या काळी उत्तर एकच होतं, प्रत्येक ॲरेसाठी वेगळा कोड. व्हेरिटासच्या डीएमपी या मल्टिपाथ ड्रायव्हरमध्ये प्रत्येक ॲरेची लायब्ररी असायची. पुण्यात स्टोरेजमध्ये मुरलेल्या अनेकांना ती ‘एएसएल’ या नावाने आठवत असेल. त्यातली एक गोष्ट अजूनही उचलण्यासारखी आहे: जी डिस्क कुठलीच लायब्ररी ओळखत नाही ती ‘इतर डिस्क’ या कोपऱ्यात जायची, वापरता यायची, पण तिला मल्टिपाथ मिळायचा नाही. आज अलुआमुळे (पाथची स्थिती ॲरेने सांगण्याची स्कझीतली ठरलेली पद्धत) बहुतेक ॲरे स्वतःच सांगतात. इन्क्वायरीतले टीपीजीएसचे दोन बिट शून्य नसतील, तर रिपोर्ट टार्गेट पोर्ट ग्रुप्स पाठवा आणि कोणता पाथ ऑप्टिमाइज्ड, कोणता स्टँडबाय ते वाचा. अशा ॲरेला नाव न विचारता घ्या. बिट शून्य असतील आणि ॲरे अनोळखी असेल, तर सगळे पाथ सारखे समजू नका. जुन्या ॲक्टिव्ह-पॅसिव्ह ॲरेवर दोन्ही कंट्रोलरकडे आयओ गेला की लन इकडून तिकडे फेकलं जात राहतं आणि कामगिरी कोसळते. तिथे एका वेळी एकच पाथ चालवा. जेबॉडमधल्या थेट सॅस डिस्क हा याला अपवाद: त्या बहुधा अलुआ सांगत नाहीत, पण त्यांची दोन्ही पोर्ट खरोखरच समान असतात. एन्क्लोजरशी थेट जोडलेली डिस्क कोणती हे तुम्हाला सॅस ट्रान्सपोर्टवरून कळतं, तो धागा वापरा.

ॲडमिनला यादीत भर घालू द्यावी का? द्यावी. विंडोजच्या एमपीआयओ या मल्टिपाथ सोयीसारखी ८ अक्षरांचा व्हेंडर आणि १६ अक्षरांचा प्रॉडक्ट अशी जोडी पुरेशी आहे. मात्र अशी भर फक्त फेलओव्हरची रीत आणि पाथचे गट ठरवण्यापुरती असावी. असोसिएशन ० ची पक्की ओळख नसेल, तर ॲडमिनने कितीही सांगितलं तरी दोन उपकरणं जोडायची नाहीत, त्यासाठी कुठलाही फ्लॅग ठेवायचा नाही. फ्लॅग ठेवलात की तो कुठल्यातरी उत्तरात सुचवला जाईल आणि लोक डोळे झाकून लावतील.

तपासणीसाठी ॲरे लागत नाही. लिनक्सच्या स्कझी-डीबग मोड्यूलमध्ये ‘ॲड होस्ट’ २ आणि ‘व्हीपीडी यूज होस्टनो’ ० दिलं, की दोन होस्टवर एकाच ओळखीच्या खोट्या डिस्क तयार होतात आणि मागची मेमरी एकच असते. म्हणजे खराखुरा मल्टिपाथ. आता त्यातच ‘पर होस्ट स्टोअर’ १ जोडा: ओळख तीच, आकार तोच, पण मागची मेमरी वेगवेगळी. म्हणजे तेच दोन यूएसबी डॉक. बहुतेक ड्रायव्हर इथे खुशाल दोन्ही जोडतात. दोन्हींवर वेगळा मजकूर लिहून ठेवा आणि बघा. नवा पाथ जोडण्याआधी, तो चालू स्थितीत असेल तर, दोन्ही पाथवरून पहिले आणि शेवटचे काही सेक्टर वाचून ताडून पाहणं स्वस्त आहे. कोऱ्या डिस्कवर ते फसेल, आणि दुसरा होस्ट त्याच क्षणी लिहीत असेल तर एकदा न जुळणं चालेल, पुन्हा वाचा. तिसऱ्यांदाही जुळलं नाही, तर पाथ नाकारा आणि लॉगमध्ये दोन्ही उपकरणांची नावं, ओळख आणि न जुळलेल्या सेक्टरचा क्रमांक लिहा.